सही-शिक्का कोणाचा?

संगणकाचे नाव काढले की आम्हां कलाशाखेच्या मंडळींच्या कपाळाला आठ्या पडतात. परंतु आमच्या विभागात संगणकाच्या निमित्ताने जो प्रश्न निघाला, तो मुळात यंत्राचा नव्हेच. ‘हा मनुष्य तोच, हे कोणी ठरवायचे?’ असा तो प्रश्न आहे, आणि कल्याण-ठाणे लोकलने रोज जाणाऱ्या-येणाऱ्याला तो सहज समजेल.

विभागात लिनक्स प्रणालीवर चालणारा एक संगणक आहे. त्यावर प्राध्यापकांची व विद्यार्थ्यांची खाती असून ज्याचे निबंध, टिपणे त्याच्या खात्यात असतात. पुढे जुन्या वार्षिकांकांची सूची पाहता यावी म्हणून त्याच संगणकावर एक छोटे संकेतस्थळ केले, आणि त्यातील प्रवेशाची व्यवस्था माझ्याकडे आली. तिथे परवलीच्या शब्दांची नवी वही घालायची, की संगणकावरील खात्यांचाच आधार घ्यायचा? मी दुसऱ्या मताचा. नव्या वहीतही बहुतेक जण जुनाच शब्द देणार. म्हणजे जपायचे गुपित एकच, पण ते फुटण्याच्या जागा दोन!

रेल्वेचा सवलतीचा पास आठवा. डोंबिवलीच्या खिडकीवरचा कारकून ‘तू विद्यार्थी कशावरून?’ याचा तपास करीत बसत नाही. महाविद्यालयाच्या कचेरीने सही-शिक्क्यानिशी दिलेला सवलतीचा कागद तो पाहतो आणि पास देतो. विद्यार्थ्यांची यादी कचेरीकडे, पास देणे रेल्वेकडे. संकेतस्थळानेही तसेच वागावे: नाव व परवलीचा शब्द घ्यावा, संगणकाला विचारावे, उत्तर ऐकावे आणि शब्द विसरून जावा.

संगणक तरी काय जपून ठेवतो? शब्द नव्हे, शब्दाचे दळण. पिठाचे पुन्हा गहू होत नाहीत. आपण शब्द टंकला की तो त्याच रीतीने दळून दोन्ही पिठे ताडून पाहतात. दोघांचा शब्द एकच निघाला तरी पीठ निराळे दिसावे, म्हणून दळताना प्रत्येकात वेगवेगळी अक्षरे मिसळतात. तंत्रज्ञ त्यांना चक्क ‘मीठ’ म्हणतात! रॉबर्ट मॉरिस व केन थॉम्प्सन यांनी १९७९ साली या पद्धतीवर लिहिलेल्या लेखात लोकांचे ३,२८९ परवलीचे शब्द तपासले होते. त्यांतले ८६ टक्के आखूड, सोपे किंवा शब्दकोशांत आणि नावांच्या याद्यांत सापडणारे होते. सवयी अजूनही फारशा बदललेल्या दिसत नाहीत.

हे दळण ‘शॅडो’ नावाच्या फायलीत असते आणि संकेतस्थळ चालवणाऱ्या ‘अपाची’ला ती वाचता येत नाही. येथेच मोह होतो: द्यावी परवानगी, काम झटपट होईल! तसे करू नये. स्थळात एखादे छिद्र राहिले, तर सगळी फाईलच बाहेर जाईल. त्याऐवजी ‘पीडब्ल्यूऑथ’ नावाचा छोटा कार्यक्रम मध्ये बसवावा. विशेष अधिकार त्यालाच. अपाचीने त्याच्या हाती नाव व शब्द द्यायचा, त्याने ‘होय’ वा ‘नाही’ एवढेच सांगायचे. तो स्वतः ‘पॅम’ या व्यवस्थेला विचारतो, आणि पॅम शब्द तपासण्याबरोबरच खात्याची मुदत संपली आहे का, हेही पाहू शकते. गेल्या वर्षीच्या ओळखपत्रावर यंदा सवलत मिळत नाही, तसेच हे. संगणकाच्या मुख्य कारभाऱ्याचे ‘रूट’ हे खाते मात्र येथून कधीच आत येऊ देऊ नये.

आणखी एक अट. अपाचीच्या साध्या पद्धतीत परवलीचा शब्द पानागणिक पाठवला जातो, तोही कोणालाही उलगडता येईल अशा रूपात; जणू गर्दीच्या डब्यातून उघडे पोस्टकार्ड हातोहात पुढे चालले आहे. तेव्हा एचटीटीपीएसचे बंद पाकीट हवेच. येथे फुटलेला शब्द केवळ सूची उघडत नाही, त्या विद्यार्थ्याचे सगळे खाते उघडतो.

माजी विद्यार्थ्यांना सूची दाखवावी, अशी सूचना पुढे आली. त्यांना संगणकावर खाती देण्याचे कारण नव्हते. त्यांच्यापुरती मात्र वेगळी यादी ठेवली, अर्थात दळलेली आणि मीठ घातलेली.