बावन्न मिनिटांची फीत आणि आठ जीबीचा भार

आमच्या सांगलीच्या पेढीला ७५ वर्षे पूर्ण झाली, तेव्हा पेढीच्या संकेतस्थळावर १९९४ च्या दिवाळीतील वहीपूजनाची फीत ठेवावी असे घरात ठरले. अप्पांचे चालते-बोलते रूप आणि त्यांचा आवाज जिच्यात उरला आहे, अशी ही एकच फीत आमच्यापाशी आहे. पुढच्या दिवाळीला अप्पा नव्हते.

गावातील एका स्टुडिओने व्हीएचएस कॅसेटवरून संगणकासाठी तिची प्रत करून दिली. फीत ५२ मिनिटांची, फाइल सुमारे ११ जीबीची. पुतण्याने ती एमपी४ स्वरूपात आणून संकेतस्थळावर चढवली आणि सर्व नातलगांना दुवा धाडला. दुसऱ्या दिवशी आत्यांचा फोन आला. आत्या बेळगावकडील एका खेड्यात राहतात, वय ८६. म्हणाल्या, “अरे बाळ, दादाचा हात वहीपर्यंत जातो आणि तिथंच थांबतो. पुढचं काही दिसतच नाही.”

पुतण्याची नवी फाइल पाहिली, तर तीही ७.९ जीबी! आत्यांच्या मोबाइलला दिवसाला दीड जीबीचा पॅक. सगळे सुरळीत चालले असते, तरी अप्पांना पुरते पाहायला त्यांना सहा दिवस लागले असते.

व्हिडिओची फाइल फुगली की बहुतेक घरांत पहिला उपाय चित्र लहान करण्याचा होतो. पुतण्यानेही तेच केले. चित्राची मापे निम्म्यावर आणली, तासभर संगणक तापवला. फाइल पुन्हा जवळजवळ तेवढीच. तो चकित झाला. “काका, चित्र अर्धं केलं, मग वजन का उतरत नाही?” आपण व्यापारी माणसे, याचे उत्तर आपल्याला कळण्यास मुळीच अवघड नाही. फाइलचा आकार हा दर गुणिले काळ एवढाच असतो. प्रत्येक सेकंदाला किती बिट खर्च करायचे या दराला बिटरेट म्हणतात. पुतण्याने उत्तमात उत्तम हवे म्हणून हा दर सेकंदाला २० मेगाबिट असा बांधून ठेवला होता. ५२ मिनिटे म्हणजे ३१२० सेकंद. २० ने गुणले आणि आठ बिटांचा एक बाइट म्हणून आठाने भागले, की ७८०० एमबी येतात. चित्र मोठे असो वा लहान, ठरलेला दर यंत्र खर्च करणारच. महिन्याचे गाडीभाडे ठरवून दिले, की गाडीत दहा पोती भरा नाही तर शंभर, भाडे तेच.

एका नातलगांनी सुचवले की फाइलचे नाव एमपी४ ऐवजी एमकेव्ही केले की ती लहान होते. तसे काही नसते. एमपी४, एमकेव्ही ही नुसती पोत्यांची नावे. आतला माल कोणत्या पद्धतीने दाबून भरला आहे ते कोडेक ठरवतो, आणि पोते बदलून हळदीचे वजन बदलत नाही.

म्हणून बांधलेला दर सोडला आणि हँडब्रेक या विनामूल्य प्रणालीत ‘स्थिर गुणवत्ता’ ही पद्धत निवडली. हिच्यात दराऐवजी चित्राचा दर्जा सांगायचा असतो. जेथे हालचाल फार तेथे यंत्र अधिक बिट खर्च करते, जेथे भिंत नुसती उभी आहे तेथे काटकसर करते. एच.२६४ या पद्धतीसाठी हा आकडा ० ते ५१ असा असतो. आकडा जितका मोठा तितकी फाइल लहान, आणि तो सहाने वाढवला की फाइल ढोबळमानाने निम्मी होते. आम्ही २० ठेवला. या वेळी चित्र मूळ मापाचे, म्हणजे ७२० बाय ५७६ ठिपक्यांचे घेतले. पुतण्याने आधी ते ताणून १९२० बाय १०८० केले होते. ठिपके बरोबर पाचपट झाले, परंतु कॅसेटमध्ये जो बारकावा कधी नव्हताच तो कोठून येणार? शिवाय चौकोनी चित्र रुंद पडद्यावर ताणल्याने अप्पांचे गाल भलतेच भरले होते. आत्यांनी तेही बोलून दाखवले होते.

फाइल १.९ जीबीवर आली. उतार मोठा होता, तरीही साध्या घरगुती फितीसाठी हे वजन जास्तच. येथे आम्हांला दोन दिवस अडखळावे लागले, आणि कारण सापडले ते जुन्या फितीच्या स्वभावातच.

व्हिडिओ दाबणारे यंत्र एका चौकटीवरून पुढच्या चौकटीचा अंदाज बांधते आणि जो फरक पडला तेवढाच लिहून ठेवते. आता तीस वर्षांच्या कॅसेटवर सर्वत्र दाणेदार खडखडाट असतो, आणि तो प्रत्येक चौकटीत नवा असतो. आपल्या डोळ्यांना स्थिर दिसणारी भिंत यंत्राच्या दृष्टीने सेकंदाला २५ वेळा बदलत असते. चित्राच्या तळाशी थरथरणारी एक पट्टीही असते. या साऱ्या कचऱ्याची यंत्र प्रामाणिकपणे नोंद करीत बसते. दुसरी गोष्ट अशी की त्या काळचे कॅमेरे एक पूर्ण चित्र न घेता सेकंदाला ५० अर्धी चित्रे घेत, आधी विषम ओळींचे, मग सम ओळींचे. ती तशीच जोडली की हलत्या हाताच्या कडेला कंगव्याचे दात दिसतात, आणि त्या दातांवरही बिट खर्ची पडतात. पुतण्याने प्रत्येक अर्ध्या चित्राची एक पूर्ण चौकट करून ५० चौकटी केल्या होत्या. आम्ही दोन अर्ध्या चित्रांचे नीट एकत्रीकरण करून २५ ठेवल्या, तळाची पट्टी कापली आणि खडखडाट पुसण्याची सोय वापरली.

या पुसण्यात आमची चूक झाली. हावरेपणाने सर्वांत जोरकस पुसणी निवडली, फाइल झटकन उतरली. पण पडद्यावर अप्पा मेणाच्या पुतळ्यासारखे दिसू लागले. ओठ दिसेनासे झाले, वहीवरील शाईची अक्षरे विरून गेली. जागा वाचवण्यासाठी जे दाखवायचे तेच पुसले गेले होते. तेव्हा हलकी पुसणी घेतली. चित्राचा दर सेकंदाला सुमारे दीड मेगाबिट पडला.

आवाजाचे काम थोडक्यात उरकले. मूळ फाइलमध्ये आवाज मुळीच दाबलेला नव्हता. त्याचेच ६०० एमबी होते. पुतण्याने तो ३२० किलोबिट दराने दोन वाहिन्यांचा केला होता. कॅसेटवरील आवाज तर एकाच वाहिनीचा! एक वाहिनी आणि १२८ किलोबिट हा दर बोलण्याला सढळच आहे. चित्र आणि आवाज मिळून फाइल ६३५ एमबीच्या आसपास आली.

एच.२६४ ही पद्धत २००३ सालची. तिच्यानंतर २०१३ मध्ये एचईव्हीसी आणि २०१८ मध्ये एव्ही१ या पद्धती आल्या, आणि त्यांत त्याच दर्जाची फाइल आणखी लहान होते. पण वडीलधाऱ्यांच्या हातात घरातील जुना मोबाइल असतो, आणि त्यावर नवी पद्धत चालेलच असे नाही. आम्ही जुन्या पद्धतीलाच धरून राहिलो.

संकेतस्थळासाठी आणखी एक खूण करावी लागते. एमपी४ फाइलची अनुक्रमणिका पुष्कळदा शेवटी लिहिलेली असते, त्यामुळे चित्र सुरू होण्यास विलंब लागू शकतो. हँडब्रेकमध्ये ‘वेब ऑप्टिमाइज्ड’ या चौकोनात खूण केली की ती अनुक्रमणिका आरंभी येते. तसेच ज्यांच्याकडे नेटवर्क क्षीण आहे त्यांच्यासाठी ६०० किलोबिट चित्र आणि ६४ किलोबिट आवाज अशी २६० एमबीची दुसरी प्रत केली. मोठी संकेतस्थळे अशा अनेक प्रती ठेवतात, त्यांचे काही सेकंदांचे तुकडे करतात आणि पाहणाऱ्याच्या वेगाप्रमाणे एका प्रतीवरून दुसरीवर जातात. आम्ही दोन वेगळे दुवे दिले; एका घराला तेवढे पुरे. (यूट्यूबवर ठेवायचे असेल तर मात्र चांगली, भरीव प्रतच द्यावी. ते स्वतःच पुन्हा दाबतात, आणि दाबलेले पुन्हा दाबले की चित्र आणखी खालावते.)

सर्व जुळल्यावर पुतण्या ११ जीबीची मूळ फाइल काढून टाकण्यास निघाला होता. “आता हिचं काय काम, काका?” त्याला थांबवले. लहान प्रतीतून जे वगळले ते कोणत्याही उपायाने परत येत नाही, आणि कॅसेट तर वर्षागणिक झिजते आहे. मूळ फाइल आता दोन वेगळ्या हार्डडिस्कवर आहे. एक पेढीच्या तिजोरीत, दुसरी पुण्याला.

आत्यांना लहान प्रतीचा दुवा धाडला. संध्याकाळी फोन आला. हात वहीपर्यंत गेला, लेखणी चालली, आरती झाली, सगळे दिसले. थोडे थांबून म्हणाल्या, “दादा लिहिताना ओठ हलवायचा रे. मी विसरले होते.”