ढग पुढे कुठे जाणार?
सोलापूर पर्जन्यछायेत येतं. ढग भरून येतात आणि न बरसताच निघून जातात. म्हणून पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने 2018 आणि 2019च्या पावसाळ्यात ‘कायपीक्स’ हा ढगपेरणीचा प्रयोग इथे केला. पेरायचा ढग हेरायला रडार लागतं: सी-बँड रडारच्या सुमारे 5 सेंटिमीटर लांबीच्या लहरी थेंबांवर आपटून परततात आणि ढगाचा ठावठिकाणा कळतो. रडारच्या लागोपाठच्या दोन फेऱ्यांत ढग किती सरकला, यावरून त्याचा वेग, दिशा आणि पुढच्या काही मिनिटांतली जागा काढता येते. खरी अडचण पुढेच आहे: ढग वाटेत फुटतात, एकमेकांत मिसळतात, तासाभराच्या आत विरूनही जातात. सोलापूरच्या प्रयोगात पाऊस मोजायला जमिनीवर स्वयंचलित पर्जन्यमापकांचं जाळं होतं. पेरलेल्या ढगांतून सुमारे 18 टक्के जादा पाऊस पडल्याचं दिसलं. दुष्काळी तालुक्यांसाठी हे थोडंथोडकं नाही, पण त्यासाठी पेरणीजोगा ढग मुळात आलेला हवा.