सोनेरी गुडघ्यामागील धातुशास्त्र

गुडघा किंवा खुबा बदलण्याचा सल्ला मिळाला, की कुटुंबापुढे कृत्रिम सांध्यांचे अनेक पर्याय ठेवले जातात. त्यांत 'टायटॅनियम' आणि 'सोनेरी गुडघा' हे शब्द हमखास येतात आणि दोहोंचा अर्थ एकच, असा समज करून घेतला जातो. वस्तुतः पहिला शब्द धातूच्या गाभ्याविषयी आहे, तर दुसरा त्यावरील काही मायक्रॉन जाडीच्या थराविषयी. किमतीतील तफावत ज्यांना सोसावी लागते, त्यांनी हा भेद जाणून घेणे अगत्याचे आहे.

टायटॅनियमच का?

शरीरातील द्रव खारट असतात आणि अनेक धातू त्यांत हळूहळू क्षरतात. टायटॅनियमवर मात्र हवेचा स्पर्श होताच काही नॅनोमीटर जाडीचे ऑक्साइडचे कवच तयार होते. ओरखडा पडला तरी ते क्षणार्धात भरून येते. स्वीडनचे पेर-इंगवार ब्रोनेमार्क यांना १९५० च्या दशकात सशांवरील प्रयोगांत हाड या धातूला घट्ट धरून वाढत असल्याचे आढळले. त्या आधारे १९६५ मध्ये त्यांनी पहिल्या रुग्णाच्या जबड्यात टायटॅनियमचे दंतरोपण केले.

दुसरा गुण ताठरपणाचा. सहा टक्के ॲल्युमिनियम व चार टक्के व्हॅनेडियम असलेली टायटॅनियमची प्रचलित मिश्रधातू पोलादाच्या जवळपास निम्मीच ताठर असते. धातू फार ताठर असला, तर सारा भार तोच पेलतो आणि काम न उरलेले शेजारचे हाड विरळ होत जाते. टायटॅनियममुळे हा धोका कमी होतो.

मग उणीव कोठे?

उणीव घर्षणात आहे. सांध्यातील सततच्या घासण्याने ते पातळ कवच फुटते, खालचा तुलनेने मऊ धातू उघडा पडून ओरबाडला जातो. १९७० व ८० च्या दशकांत खुब्याच्या काही कृत्रिम सांध्यांचे गोल डोकेही टायटॅनियमच्या मिश्रधातूचे केले जात असे. पुनर्शस्त्रक्रियेच्या वेळी अशा काही सांध्यांभोवतीच्या ऊती धातूच्या भुकटीने काळवंडलेल्या दिसल्या. झिजेचे असे कण शरीरातील भक्षक पेशी गिळतात, दाह होतो, आजूबाजूचे हाड विरघळू लागते आणि सांधा सैल होतो. त्यामुळे आज मांडीच्या हाडात बसणारा दांडा टायटॅनियमचा, तर डोके कोबाल्ट-क्रोमियमचे किंवा सिरॅमिकचे, अशी विभागणी रूढ आहे.

कठिणीकरण कसे होते?

या मिश्रधातूचे विकर्स काठिण्य सुमारे ३५०, तर टायटॅनियम नायट्राइडचे २,००० च्या आसपास किंवा अधिक. म्हणून पृष्ठभागात नायट्रोजन मुरवणे हा प्रमुख उपाय ठरला. सुमारे ७०० ते ९०० अंश सेल्सिअस तापमानाच्या भट्टीत नायट्रोजनचे अणू धातूत शिरतात. वर नायट्राइडचा पातळ थर व त्याखाली क्रमाक्रमाने कमी होत जाणारे काठिण्य अशी रचना झाल्याने थर सहसा सुटत नाही. मात्र उष्णतेने धातूची अंतर्रचना बदलते आणि वारंवार पडणारा भार सोसण्याची क्षमता घटू शकते. चालत्याफिरत्या माणसाचा एक पाय वर्षाला सुमारे दहा लाख पावले टाकतो, हे लक्षात घेता ही घट क्षुल्लक नाही.

नायट्रोजनऐवजी प्राणवायू मुरवण्याची पद्धत स्वस्त आहे. पण ऑक्साइडचा थर जाड झाला, तर त्याचे पापुद्रे निघतात. आयन-रोपणात विद्युत्दाबाने वेग दिलेले नायट्रोजनचे आयन पृष्ठभागात घुसवतात. त्यात वस्तूचे माप बदलत नाही, परंतु परिणाम मायक्रॉनच्या काही दशांश खोलीपर्यंतच पोहोचतो.

चौथा मार्ग निर्वात कक्षात टायटॅनियमची वाफ करून नायट्राइडचा मुलामा चढवण्याचा. येथे अडचण गादीवर अंथरलेल्या काचेसारखी असते: वरचा थर कठीण, पण भार पडताच खालचा मऊ धातू दबतो आणि थर तडकतो. सुटलेले कठीण कण मग सांध्यात वाळूसारखे खरखरतात. यावर उपाय म्हणून आधी नायट्रोजन मुरवून पाया कठीण करायचा व नंतर मुलामा द्यायचा, अशी दुहेरी प्रक्रियाही वापरली जाते.

सोन्याचा रंग काय सांगतो?

हा सोनेरी रंग टायटॅनियम नायट्राइडचा किंवा त्यात नायोबियम मिसळलेल्या थराचा असतो. त्याखालचा धातू पुष्कळदा कोबाल्ट-क्रोमियम असतो. म्हणजे सोनेरी गुडघा टायटॅनियमचाच असेल असे नाही. निकेल, कोबाल्ट, क्रोमियम यांचे आयन शरीरात झिरपणे हा थर कमी करतो, म्हणून धातूची ॲलर्जी असलेल्यांसाठी त्याचा विचार केला जातो. इतर रुग्णांच्या बाबतीत, पहिल्या काही वर्षांच्या तुलनात्मक चाचण्यांत वेदना किंवा हालचाल यांत ठळक फरक दिसलेला नाही.

केंद्राच्या औषध किंमत नियामकाने ऑगस्ट २०१७ मध्ये गुडघ्याच्या रोपणांवर कमाल दर लागू केले, तेव्हा साध्या कोबाल्ट-क्रोमियम संचासाठी ५४,७२० रुपये, तर टायटॅनियम वा ऑक्सिडाइज्ड झिर्कोनियमसारख्या विशेष धातूंच्या संचासाठी ७६,६०० रुपये अशी मर्यादा होती. म्हणूनच शस्त्रक्रियेपूर्वी शल्यविशारदांना तीन प्रश्न अवश्य विचारावेत: गाभ्याचा धातू कोणता, वरचा थर कशाचा व कोणत्या पद्धतीने दिलेला, आणि माझ्या प्रकृतीत त्याची गरज नेमकी कशासाठी? तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर समाधानकारक नसेल, तर केवळ रंगासाठी जादा पैसे मोजण्याचे कारण उरत नाही.