विश्लेषण : अमेरिकी कॉलेज फुटबॉलमध्ये खेळाडू-भरतीचे गणित काय? चाहत्यांनी किती अपेक्षा ठेवावी?

१९ ऑक्टोबर २०२४ रोजी ब्लूमिंग्टन येथे झालेल्या सामन्यात इंडियाना विद्यापीठाने नेब्रास्का विद्यापीठाचा ५६-७ असा धुव्वा उडवला. पाच राष्ट्रीय विजेतेपदे मिरवणारा नेब्रास्का एकीकडे आणि अमेरिकी कॉलेज फुटबॉलच्या इतिहासात सर्वाधिक सामने गमावणाऱ्या संघांत गणला जाणारा इंडियाना दुसरीकडे. हा निकाल एका दिवसाचा अपघात म्हणून विसरला गेला असता. मात्र जानेवारी २०२६ मध्ये हाच इंडियाना १६-० अशा निर्भेळ यशासह राष्ट्रीय विजेता ठरला आणि नेब्रास्काचा तोच हंगाम ७-६, म्हणजे सात विजय आणि सहा पराभवांवर संपला. तेव्हापासून एक प्रश्न देशभरातील चाहते आपापल्या विद्यापीठाला विचारत आहेत : त्यांना जमले, मग आपल्याला का नाही? या प्रश्नाचे उत्तर शोधायचे तर आधी खेळाडू-भरतीची पद्धत समजून घ्यावी लागते.

कॉलेज फुटबॉलमध्ये ‘भरती’ म्हणजे काय?

अमेरिकेतील फुटबॉल म्हणजे लंबगोल चेंडूचा, हेल्मेट घालून खेळला जाणारा खेळ. या खेळातील व्यावसायिक लीगमध्ये, म्हणजे एनएफएलमध्ये, नव्या खेळाडूंची निवड ‘ड्राफ्ट’ पद्धतीने होते. सर्वांत खराब कामगिरी करणाऱ्या संघाला निवडीचा पहिला मान मिळतो आणि त्यामुळे तळाचा संघ काही वर्षांत वर येऊ शकतो. विद्यापीठांच्या स्पर्धेत असे काही नाही. शाळेत शिकणारा १७ वर्षांचा खेळाडू स्वतः विद्यापीठ निवडतो. साहजिकच जिंकणाऱ्या संघाकडे चांगले खेळाडू जातात, त्यामुळे तो संघ आणखी जिंकतो. गरीब अधिक गरीब होण्याची ही व्यवस्था आहे.

प्रशिक्षक त्यामुळे वर्षभर खेळाडूंच्या मागे असतात. शाळांना भेटी, आईवडिलांशी चर्चा, खेळाडूला विद्यापीठात बोलावून मैदान आणि वसतिगृह दाखवणे हे सारे त्यांच्या कामाचा भाग असते. खेळाडूने ‘मी तुमच्याकडे येतो’ असे जाहीर केले, तरी ते तोंडी वचन बंधनकारक नसते. डिसेंबरमध्ये प्रत्यक्ष सही होईपर्यंत काहीही घडू शकते. क्वार्टरबॅक डिलन रायोला हे याचे ठळक उदाहरण. त्याने आधी ओहायो स्टेटला आणि नंतर जॉर्जियाला होकार दिला. डिसेंबर २०२३ मध्ये सही मात्र केली नेब्रास्कासाठी, जिथे त्याचे वडील डॉमिनिक रायोला एकेकाळी खेळले होते.

तारांकित मानांकनाला किती महत्त्व द्यावे?

२४७स्पोर्ट्स, रायव्हल्स, ईएसपीएन यांसारख्या संस्था शालेय खेळाडूंना दोन ते पाच तारे देतात. पाच तारे दरवर्षी जेमतेम तीसेक खेळाडूंना मिळतात. २४७स्पोर्ट्सने हा आकडा ३२ च्या आसपास ठेवला, कारण एनएफएल ड्राफ्टच्या पहिल्या फेरीत साधारण तेवढेच खेळाडू निवडले जातात. त्याखाली काही शे खेळाडू चार ताऱ्यांचे, तर बहुसंख्य तीन किंवा दोन ताऱ्यांचे असतात.

‘ताऱ्यांना काही अर्थ नाही,’ असे म्हणणारे चाहते जे. जे. वॉट किंवा जोश अॅलन यांची नावे घेतात. दोघांनाही शाळेत असताना मोठ्या विद्यापीठांनी फारसे विचारले नव्हते. उदाहरणे खरी आहेत, पण निष्कर्ष चुकीचा. तीन ताऱ्यांचे खेळाडू हजारोंच्या संख्येने असतात. त्यामुळे त्यांतून एनएफएलमध्ये पोहोचणाऱ्यांचा एकूण आकडा मोठा दिसतो. एका खेळाडूपुरती शक्यता पाहिली तर पाच ताऱ्यांचा खेळाडू कितीतरी पुढे असतो. थोडक्यात, मानांकन एका मुलाचे भविष्य सांगू शकत नाही, पण ऐंशी-शंभर मुलांच्या संघाचा सर्वसाधारण अंदाज बऱ्यापैकी देते.

याच तर्कावर बड एलियट या पत्रकाराने ‘ब्लू-चिप रेशो’ हे मोजमाप रूढ केले. मागील चार वर्षांत सही केलेल्या खेळाडूंपैकी चार आणि पाच ताऱ्यांचे निम्म्याहून अधिक असतील, तरच संघ राष्ट्रीय विजेतेपदाचा खरा दावेदार, असा हा ठोकताळा. दरवर्षी पंधरा-अठरा संघच त्यात बसतात. अलाबामा, जॉर्जिया, ओहायो स्टेट ही नावे त्यात कायम असतात. २०२५ च्या हंगामापर्यंत हा ठोकताळा विजेत्यांच्या बाबतीत सातत्याने खरा ठरला होता.

नेब्रास्काची अडचण नेमकी काय?

नेब्रास्काच्या लोकप्रियतेबद्दल शंका नाही. लिंकन शहरातील मेमोरियल स्टेडियमची सर्व तिकिटे नोव्हेंबर १९६२ पासून प्रत्येक सामन्याला विकली गेली आहेत आणि सलग ४०० हून अधिक सामन्यांचा हा विक्रम आहे. सामन्याच्या दिवशी हे स्टेडियम लोकसंख्येच्या दृष्टीने राज्यातील तिसरे मोठे शहर ठरते, असे तिथे गमतीने म्हटले जाते आणि ते चुकीचेही नाही. राज्यात एनएफएलचा संघ नाही. शनिवार म्हणजे विद्यापीठाचा सामना, हे पिढ्यानपिढ्यांचे समीकरण आहे.

पण या राज्याची लोकसंख्या २०२० च्या जनगणनेनुसार सुमारे २० लाख आहे, तर टेक्सासची २ कोटी ९१ लाख. अव्वल शालेय खेळाडू प्रामुख्याने टेक्सास, फ्लोरिडा, जॉर्जिया, कॅलिफोर्निया या राज्यांत घडतात. नेब्रास्काला जवळपास प्रत्येक मोठा खेळाडू शेकडो मैलांवरून आणावा लागतो. टॉम ऑस्बोर्न यांनी १९७३ ते १९९७ या काळात हे साधले होते. त्यांच्या २५ हंगामांपैकी एकाही हंगामात संघाचे विजय नऊपेक्षा कमी नव्हते. शिष्यवृत्तीविना खेळणाऱ्या स्थानिक ‘वॉक-ऑन’ मुलांची मोठी फौज, काळाच्या पुढची व्यायामशाळा आणि प्रतिस्पर्ध्यांना सरावात न मिळणारी धावण्यावर आधारलेली आक्रमण-पद्धत ही त्यांची बलस्थाने होती. आज चांगली व्यायामशाळा सगळ्यांकडे आहे. टीव्हीवर सगळ्यांचे सामने दिसतात. अंतर मात्र तेवढेच राहिले आहे.

अवास्तव अपेक्षेची किंमत किती?

ऑस्बोर्न यांच्यानंतर आलेल्या फ्रँक सोलिच यांनी २००१ च्या हंगामात संघाला विजेतेपदाच्या सामन्यापर्यंत नेले. तरीही २००३ मध्ये ९-३ अशा कामगिरीनंतर त्यांना काढण्यात आले. संघाला सामान्य होऊ देणार नाही, असा तेव्हाच्या क्रीडा संचालकांचा सूर होता. पुढे बो पेलिनी यांनी सात हंगाम, दरवर्षी किमान नऊ सामने जिंकून दिले. २०१४ मध्ये पुन्हा ९-३ अशा कामगिरीनंतर त्यांचीही गच्छंती झाली. पेलिनी यांचे वागणे आणि मोठ्या सामन्यांतील दारुण पराभव ही कारणे होतीच, पण ‘नऊ विजय पुरेसे नाहीत’ ही भावना मुळाशी होती.

त्यानंतर काय झाले? २०१६ चा अपवाद वगळता नऊ विजय पुन्हा कधीच मिळाले नाहीत. २०१७ ते २०२३ या सलग सात हंगामांत विजयांपेक्षा पराभव अधिक होते. १९९७ च्या विजेत्या संघाचा क्वार्टरबॅक स्कॉट फ्रॉस्ट २०१८ मध्ये प्रशिक्षक म्हणून परतला, तेव्हा घरचा मुलगा सुवर्णकाळ परत आणणार, अशी खात्री होती. त्याच्या पहिल्या काही तुकड्या मानांकनात देशातील पहिल्या पंचविसाच्या आसपास होत्या. म्हणजे भरती वाईट नव्हती. तरीही त्याची कामगिरी १६-३१ राहिली. एका स्कोअरच्या, म्हणजे आठ किंवा त्याहून कमी गुणांच्या फरकाच्या सामन्यांत तर ५-२२.

सप्टेंबर २०२२ मध्ये जॉर्जिया सदर्नकडून घरच्या मैदानावर ४५-४२ असा पराभव झाला आणि दुसऱ्याच दिवशी फ्रॉस्टला हटवले गेले. करारानुसार त्याला द्यायची भरपाई सुमारे दीड कोटी डॉलर होती. १ ऑक्टोबरपर्यंत थांबले असते, तर ती निम्मी झाली असती. अवघ्या वीस दिवसांच्या अधीरतेची किंमत ७५ लाख डॉलर होती.

नियम बदलल्याने गणित कसे बदलले?

गेल्या पाच वर्षांत तीन मोठे बदल झाले. जुलै २०२१ पासून खेळाडूंना स्वतःच्या नाव-प्रतिमेवर जाहिरातीतून कमाई करण्याची मुभा मिळाली. त्याच वर्षी, एक वर्ष न खेळता बसण्याची अट न पाळता एकदा विद्यापीठ बदलण्याची सवलत आली आणि २०२४ मध्ये ही ‘एकदा’ची मर्यादाही गेली. जून २०२५ मध्ये न्यायालयाने मान्य केलेल्या तडजोडीनुसार विद्यापीठे आता खेळाडूंना थेट पैसे देऊ शकतात. पहिल्या वर्षासाठी सर्व खेळ मिळून प्रत्येक विद्यापीठाची मर्यादा सुमारे २ कोटी ५ लाख डॉलर ठेवण्यात आली.

परिणामी शाळेतून खेळाडू आणून चार वर्षे घडवणे हा एकमेव मार्ग उरला नाही. दुसऱ्या विद्यापीठात तयार झालेला २२ वर्षांचा खेळाडू ‘ट्रान्सफर पोर्टल’मधून आणता येतो. अर्थात दरवाजा दोन्ही बाजूंनी उघडतो. ज्या रायोलाच्या येण्याने नेब्रास्कात जल्लोष झाला होता, तो दोन हंगामांनंतर ओरेगनला निघून गेला.

मग इंडियानाचे यश अपवाद की नवा नियम?

२०२३ मध्ये ३-९ अशी कामगिरी करणाऱ्या इंडियानाने कर्ट सिग्नेटी यांना आणले. भावी खेळाडूंना काय सांगणार, असे विचारल्यावर त्यांनी ‘मी जिंकतो, गूगल करून पाहा’ असे उत्तर दिले होते. ते बढाईखोर वाटले, पण खोटे नव्हते. मुख्य प्रशिक्षक म्हणून त्यांचा एकही हंगाम तोट्यात गेला नव्हता. एकेकाळी ते अलाबामात भरतीचे समन्वयक होते, म्हणजे ताऱ्यांचे मोल त्यांना ठाऊक होते. तरीही त्यांनी जेम्स मॅडिसन या आपल्या आधीच्या विद्यापीठातून डझनभराहून अधिक खेळाडू सोबत आणले. शाळेत किती तारे होते यापेक्षा कॉलेजच्या मैदानावर काय केले, हा त्यांचा निकष होता. क्वार्टरबॅक फर्नांडो मेंडोझा शालेय पातळीवर नावाजलेला नव्हता. कॅलिफोर्निया विद्यापीठातून इंडियानात येऊन त्याने पहिल्याच वर्षी सर्वोत्तम खेळाडूचा हाइसमन पुरस्कार जिंकला.

म्हणजे ब्लू-चिपचा ठोकताळा मोडला हे खरे. पण तो मोडण्यासाठी सिद्ध झालेला प्रशिक्षक, अचूक निवड, पुरेसा पैसा आणि योग्य क्वार्टरबॅक या चारही गोष्टी एकाच वेळी जुळाव्या लागल्या. पोर्टल सर्वांनाच खुले आहे. बाकीचे संघही त्याच दुकानात खरेदी करत आहेत.

वाजवी अपेक्षा कशी ठरवावी?

साधा हिशेब करून पाहता येतो. नेब्रास्का ज्या ‘बिग टेन’ गटात खेळतो त्यात, नाव काहीही असले तरी, १८ संघ आहेत. प्रत्येकाचे गटात नऊ सामने, म्हणजे एकूण ८१ सामने. ८१ विजय आणि ८१ पराभव. सरासरी संघाच्या वाट्याला साडेचार विजय येतात. गटाबाहेरचे तिन्ही सामने जिंकले, तर सरासरी कामगिरी होते ७-५ किंवा ८-४. २०२५ मध्ये नेब्रास्काचा नियमित हंगाम नेमका ७-५ होता. चाहत्यांना जे अपयश वाटते, ती गणिताच्या भाषेत सरासरी आहे. दहा विजय हवे असतील, तर गटातील नऊपैकी सात सामने जिंकावे लागतात आणि तेवढे पराभव कुणाच्या तरी पदरात पडावे लागतात.

याचा अर्थ चाहत्यांनी सरासरीवर समाधान मानावे, असा नाही. साठहून अधिक वर्षे प्रत्येक तिकीट विकत घेणाऱ्यांना मोठे स्वप्न पाहण्याचा अधिकार आहे. प्रश्न कशावरून राग धरायचा, हा आहे. एका पंचतारांकित खेळाडूच्या होकारावरून विजेतेपदाची, किंवा एका नकारावरून सर्वनाशाची खूण काढण्यात अर्थ नाही. त्यापेक्षा मागील चार तुकड्यांचा एकत्रित दर्जा, दोन्ही बाजूंच्या ‘लाइन’मधील धिप्पाड खेळाडूंची खोली, किती चांगले खेळाडू टिकले आणि अटीतटीच्या सामन्यांत संघ कसा खेळला, हे पाहणे अधिक उपयोगाचे. तिथे तीन वर्षांत सुधारणा दिसत नसेल, तर प्रशिक्षकाला जाब विचारणे योग्यच. दिसत असेल, तर थांबणे शहाणपणाचे.

दोनदा नऊ विजयांच्या प्रशिक्षकाला निरोप देणाऱ्या नेब्रास्काने शेवटचे गट-विजेतेपद १९९९ मध्ये जिंकले होते. आता संघासाठी सही करणाऱ्या शालेय खेळाडूंपैकी तेव्हा कुणी जन्मलेलेही नव्हते. त्यांना सुवर्णकाळाच्या आठवणी सांगून बोलावता येत नाही. पुढच्या शनिवारी काय दिसेल, हेच त्यांना दाखवावे लागते.