पायथ्याचा जागर

माघ वद्य चतुर्दशी जवळ आली की अर्जुनी-मोरगाव तालुक्यातल्या साऱ्या वाटा प्रतापगडाच्या दिशेने वाहू लागतात. धानाची कापणी-मळणी आटोपलेली असते, बांध्या कोरड्या पडलेल्या असतात, मोहाला फुले धरण्याचे दिवस दारात असतात. बैलबंड्यांची जागा आता बहुतेक ट्रॅक्टरांनी आणि जीपगाड्यांनी घेतली असली, तरी डोईवर गाठोडे आणि हातात नारळ घेऊन पायी निघणाऱ्यांची रांग काही तुटलेली नाही. गोंदिया जिल्हा भंडाऱ्यापासून वेगळा झाला तो 1 मे 1999 रोजी. या गडाचा महिमा त्याहून कितीतरी जुना. पहाडावर महादेव, त्याच परिसरात ख्वाजा उस्मान गनी हारूनी यांचा दर्गा, आणि पलीकडे 1972 साली वसलेली तिबेटी निर्वासितांची वसाहत. इतक्या जवळ-जवळ इतक्या तऱ्हांनी हात जोडले जातात, असा दुसरा मुलूख आमच्या तरी पाहण्यात नाही.

महाशिवरात्रीच्या या पानासाठी गडाचा इतिहास लिहावा, असे प्रथम मनात होते. पण मागच्या खेपेस पायथ्याशी जे पाहिले ते बाजूला ठेवून इतिहास लिहिणे आम्हांस जमेना. वाचकांनी क्षमा करावी.

त्या घराशी आमचा परिचय जुना आहे. आपले नावगाव छापून यावे अशी त्यांची इच्छा नाही. आम्हांसही त्याचे प्रयोजन वाटत नाही. चार-पाच एकर धानाची शेती, वडील भजनी मंडळात खंजिरी वाजवणारे, आई कडक सोमवार करणारी, दोन मुलगे. थोरला मुलगा एका कापणीच्या हंगामात धानाच्या भाऱ्यांनी लादलेल्या ट्रॉलीवर बसून पुंजण्याकडे निघाला होता. बांधीच्या पाळीवर चाक चढले, भारे कलले आणि तो पाठीवर पडला. रक्ताचा थेंब नाही, खरचटल्याची खूण नाही. मात्र कमरेखाली आपल्याला काही आहे याची जाणीवच नाही, असे तो म्हणू लागला.

धावून आलेल्यांनी जे केले ते आपल्याकडे सर्वत्र होते. दोघांनी बगलेत हात घातले, दोघांनी पाय धरले आणि मधला देह झोळीसारखा लोंबकळत त्याला रस्त्यापर्यंत आणले. प्रेमाने केलेली ही चूक आहे, आणि म्हणूनच सांगितली पाहिजे. कण्याला मार बसल्याची शंका असेल तर माणसाला हलवण्याची घाई करू नये. हलवणे भागच असेल तर डोके, मान आणि धड एका रेषेत ठेवून, चार-सहा जणांनी एकदम उचलून सपाट फळीवर किंवा दाराच्या झडपेवर घ्यावे. मणक्यांच्या पोकळीतून मेंदूचे निरोप खाली नेणारी मज्जारज्जू जाते. मोडलेले हाड जुळून येते. ही रज्जू तशी जुळून येत नाही. शस्त्रक्रियेने मणके बांधून घट्ट करता येतात, परंतु पूर्ण तुटलेला निरोप खात्रीने पुन्हा चालू करील असे औषध आजही वैद्यकाच्या हाती आलेले नाही.

हे त्या माउलीला नागपूरच्या रुग्णालयात कोणी सांगितले असेलही. ऐकण्याच्या स्थितीत ती नव्हती. शस्त्रक्रियेच्या खोलीबाहेर तिने पायांतल्या वहाणा काढल्या आणि प्रतापगडाच्या महादेवाला बोलून ठेवले की, माझा लेक आपल्या पायांनी गड चढेल तेव्हाच मी पायांत काही घालीन.

नवस बोलणाऱ्यांना हसण्याची एक रीत सुशिक्षितांत आहे. आम्हीही एके काळी हसत असू. पण त्या घरातल्या पुढच्या रात्री पाहिल्यावर ते हसू मावळले. रुग्णालयातून सुटताना परिचारिकेने बजावले होते की, दर दोन तासांनी कूस बदललीच पाहिजे. ज्या कातडीला स्पर्श कळत नाही तिला दाबही कळत नाही. माणूस हलत नाही, रक्त थांबते आणि माकडहाडापाशी, टाचांशी, खुब्यांवर जखम धरते. ती हाडापर्यंत जाते आणि अखेर जीवही घेते. शिवरात्रीला चार प्रहरांच्या चार पूजा सांगितल्या आहेत. त्या घरात रात्रीच्या सहा पाळ्या होत्या, आणि त्या वर्षातल्या एका रात्रीपुरत्या नव्हत्या. दहाला आई, बाराला धाकटा, दोनला वडील, पुन्हा आई. घड्याळाचा गजर गल्लीला पाठ झाला होता. ओणवे व्हावे, एक हात खांद्याखाली, एक खुब्याखाली घालावा, वळवावे, पाठीशी उशी द्यावी, चादरीवरची चुणी काढावी, कंदिलाएवढ्या उजेडात पाठीवर लालसर डाग शोधावा. या कामाला आम्ही दुसरे नाव शोधून पाहिले. सापडले नाही. जागरच तो.

सारेच मात्र असे नेमके झाले नाही. कोणा शेजाऱ्याने सांगितले म्हणून थंड पडलेल्या पायांना तापवलेल्या विटेचा शेक दिला गेला. मुलाला काहीच कळले नाही. फोड उठले तेव्हा घराला कळले. भाजलेली पोटरी भरून यायला दोन महिने गेले. या प्रकारात दोष श्रद्धेचा नव्हता, माहितीचा होता. आमच्या भागात मोहाच्या बियांचे तेल चोळणारे पुष्कळ आहेत. चोळोत बापडे! पण बधिर अंगाला आच लावू नये, इतके त्यांनी आमच्याकडून ऐकावे.

आणि मग ती सकाळ आली. अपघाताला दोन-अडीच महिने झाले असतील. अंग पुसताना मुलाचा उजवा पाय एकाएकी गुडघ्यात आखडला आणि झटक्याने सरळ झाला. आई ओरडतच अंगणात आली, "पाय हालला! महादेवानं आयकलं!" नारळ फुटले, गल्लीत साखर वाटली गेली, वडिलांनी खंजिरी काढली. आम्हीही त्या दिवशी तिथे होतो, आणि डोळे पुसणाऱ्यांत होतो, हे लपवीत नाही.

चार दिवसांनी व्यायामोपचार करणाऱ्या बाई आल्या. त्यांनी पाय तपासला, मुलाला तो हलवायला सांगितला. तो हलेना. मग तळव्यावर बोट ओढले, तसा पाय आपोआप उडाला. मार बसल्यावर काही आठवडे कणा जणू मूर्च्छित असतो. ती मूर्च्छा उतरली की खालच्या तुटलेल्या भागातले प्रतिक्षेप आपल्यापुरते जागे होतात आणि स्नायू आखडतात, उडतात. त्यात मनाची आज्ञा नसते. बाईंनी हे फार हळू आवाजात सांगितले. माउली ऐकत उभी राहिली. मग तिने विचारले, "मंग थो देव नव्हता का?" बाई काही बोलल्या नाहीत. आम्हांसही बोलता आले नाही.

त्या घराची खरी कसोटी अपघाताच्या दिवशी झाली नसून या दिवशी झाली, असे आमचे मत आहे. अशा वेळी काही घरे देवाला सोडतात, काही डॉक्टरला सोडतात आणि एका ठाण्याहून दुसऱ्या ठाण्याला रुग्णास हिंडवीत राहतात. त्या हिंडण्यात पाठ चिघळते. या घरात दोन दिवस चूल नीट पेटली नाही. पण गजर वाजत राहिला आणि कूस बदलत राहिली. एवढ्यावरच ते घर तरले.

पुढच्या गुरुवारी मंडळाचे लोक खाटेभोवती भजनाला बसले. पाहुण्या कीर्तनकारांनी कूर्मदासाचे आख्यान लावले. वारकऱ्यांना ते ठाऊक आहेच. पैठणचा कूर्मदास हातपाय नसलेला; पंढरीच्या वारीचा ध्यास घेऊन पोटावर सरपटत निघाला, आणि सोलापूर जिल्ह्यातल्या लऊळपाशी त्याची शक्ती संपली तेव्हा विठ्ठलच त्याच्या भेटीला आला. आख्यान रंगले. ते संपल्यावर खाटेवरून प्रश्न आला, "देव आला, पण कूर्मदासाला हातपाय दिले का?" मंडळी स्तब्ध झाली. कीर्तनकार सज्जन होते. ते म्हणाले, "नाही. आमच्या गुरूंनी सांगितलेल्या कथेत हातपाय फुटल्याचे नाही. भेट झाल्याचे आहे." त्या रात्री मुलगा बऱ्याच दिवसांनी जेवला, असे वडील सांगतात.

आम्ही त्याला नसीमा हुरजूक यांचे 'चाकाची खुर्ची' नेऊन दिले. कोल्हापूरच्या या बाई ऐन तारुण्याच्या उंबरठ्यावर कण्याच्या विकाराने कमरेखाली लुळ्या झाल्या. चाकाच्या खुर्चीवरचेच असलेले बाबूकाका दिवाण यांची भेट झाली आणि आयुष्याला वळण मिळाले. पुढे 1984 साली त्यांनी कोल्हापुरात अपंगांसाठी 'हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड' ही संस्था उभी केली. सांगली जिल्ह्यातल्या पेठ-इस्लामपूरचे मुरलीकांत पेटकर यांची गोष्टही त्याला सांगितली. 1965 च्या युद्धात या जवानाला गोळ्या लागल्या. एक कण्यापाशी रुतून राहिली. उपचार म्हणून पोहायला लागले, आणि 1972 साली जर्मनीतल्या हायडेलबर्ग येथे अपंगांच्या जागतिक स्पर्धांत 50 मीटर पोहण्याचे सुवर्णपदक 37.33 सेकंदांच्या विक्रमासह घेऊन आले. पद्मश्री मिळायला मात्र 2018 उजाडले. इतक्या उशिराची लाज कोणाला वाटली असल्यास आमच्या वाचनात आले नाही.

या साऱ्यामागे जो माणूस उभा आहे त्याचे नाव आपल्याकडे फारसे कोणी घेत नाही. लुडविग गुटमान हा जर्मनीतून परागंदा झालेला ज्यू वैद्य. 1944 च्या फेब्रुवारीत इंग्लंडमधील स्टोक मँडेव्हिल येथे त्याच्याकडे कणा दुखावलेल्या सैनिकांचा कक्ष सोपवण्यात आला. तोवर अशा रुग्णांपैकी बहुतेक जण जखमा आणि मूत्रमार्गाचे दोष यांनी थोड्याच काळात मरत, आणि तेच विधिलिखित मानले जाई. त्याने दिवसरात्र, दर दोन तासांनी कूस बदलायला लावली, मूत्राशयाची निगा काटेकोर केली आणि खेळ सुरू केले. 29 जुलै 1948 रोजी त्याने घेतलेल्या तिरंदाजीत 16 जण होते. आजच्या पॅरालिम्पिकचे मूळ तेथे आहे. आमच्या माउलीने गुटमानचे नाव ऐकलेले नाही. पण धानाच्या कोठीशेजारी रात्री दोन वाजता ती जे करीत होती ते त्याचेच होते.

मुलाचे हात आता पायांची कामे शिकू लागले. वाळूच्या पिशव्या उचलून दंड घट्ट केले. खाटेवरून खुर्चीत आणि खुर्चीतून खाटेवर स्वतःला नेणे साधले. वेळच्या वेळी स्वच्छ नळीने लघवी काढण्याची लाज गेली. आणि दर पंधरा-वीस मिनिटांनी दोन्ही तळहात टेकून अंग उचलून धरण्याची सवय लागली. मूत्रपिंडे आणि कातडी सांभाळली तर आयुष्य लांब आहे, हे घराला कळले. अंगणात मुरुमाचा उतार केला गेला. पण खुर्ची देवघराच्या खोलीशी येऊन अडे. उंबरठा आडवा होता.

उंबरठा म्हणजे काय हे मराठी घराला सांगायला नको. सासूने पुजलेला, नववधूने ओलांडलेला, रोज हळदकुंकू ल्यालेला. वडील म्हणाले, राहू द्या, तो बाहेरूनच नमस्कार करील. माउलीने सुताराला बोलावले. करवत लागण्याआधी तिने उंबरठ्याची शेवटची पूजा केली, मग बाजूला होऊन पाठ फिरवून उभी राहिली. आज तिथे सपाट जमीन आहे आणि हळदकुंकवाची बोटे जमिनीवरच ओढली जातात. खुर्चीच्या चाकांनी ती रोज पुसली जातात. रोज नवी काढली जातात. आम्ही पुष्कळ देवळांच्या जीर्णोद्धाराची वृत्ते या पानावर दिली आहेत. हे वृत्त त्यांतच मोडावे.

नवस मात्र तसाच उभा होता. माउली अनवाणी रोवणीला जाई, अनवाणी तणस वाही. टाचांना भेगा पडल्या, एकदा बाभळीचा काटा रुतून महिना गेला. मुलगा चिडे. मोटारपंप दुरुस्तीचे काम तो घरी बसून करू लागला होता. त्याच्या पहिल्या मिळकतीतून त्याने आईसाठी वहाणा आणवल्या. तिने त्या देवघरात ठेवल्या आणि घातल्या नाहीत.

मागच्या महाशिवरात्रीला सारे कुटुंब प्रतापगडाला गेले. आम्हीही बरोबर होतो. धाकटा म्हणाला, "पाठीवर घेतो, चाल." थोरल्याने मान हलवली. घसटीने कातडी सोलण्याचे भय एक. दुसरे त्याने सांगितले नाही, आणि आम्ही विचारले नाही. हाताने चालवायची तीनचाकी झाडाखाली लावून तो पायथ्याशी राहिला. चढणाऱ्यांची रीघ त्याच्याकडे वळून पाही. कोणी मांडीवर नाणे टाकले, ते त्याने हसून परत केले. आम्ही त्याच्याजवळ थांबलो. वर घंटा वाजत होत्या, दर्ग्याच्या बाजूने धूप येत होता. दीड तासाने माउली उतरली. पदराआड बेलाची पाने, हातात तीर्थाची बाटली, पाय धुळीने पांढरे.

तिने त्याच्या हातावर तीर्थ घातले. मग पिशवीतून त्या वहाणा काढल्या, त्याच्या पायांशी क्षणभर टेकवल्या आणि स्वतःच्या पायांत घातल्या. देवाला वर काय सांगितलेस, असे वडिलांनी विचारले. तिने उत्तर दिले नाही. तिने मुलाच्या पाठीखाली हात घातला, उशी चाचपली आणि विचारले, "मी वर जाऊन येईपर्यंत अंग उचललंस का?"

"पाचदा, माय," तो म्हणाला.