महिन्याला पैसे भरता, पण ती गाणी तुमची आहेत का?

३१ जानेवारी २०२४ रोजी ‘रेसो’ हे गाण्यांचं ॲप भारतात बंद झालं. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये एअरटेलने ‘विंक म्युझिक’ बंद करत असल्याचं जाहीर केलं. गाणी दुसऱ्या ॲपवर होतीच. पण इतकी वर्षं जमवलेल्या प्लेलिस्टचं काय, हा प्रश्न अनेकांपुढे उभा राहिला.

या प्रश्नाचं मूळ एका साध्या गोष्टीत आहे. स्ट्रीमिंगचे पैसे गाण्यासाठी नसतात, गाणं ऐकण्याच्या परवानगीसाठी असतात.

डाउनलोड केलेलं गाणं तरी आपलं असतं का?

नाही. स्ट्रीमिंग ॲपमध्ये डाउनलोड केलेली फाइल कुलूपबंद असते आणि ती त्याच ॲपमध्ये वाजते. स्पॉटिफायवर तर डाउनलोड टिकवायला ३० दिवसांतून एकदा तरी इंटरनेटला जोडावं लागतं. सशुल्क सदस्यत्व संपलं की डाउनलोडही गेले.

ॲप सुरू असूनही गाणी गायब का होतात?

गाण्यांचे हक्क संगीत कंपन्यांकडे असतात आणि ॲप त्यांच्याशी ठरावीक मुदतीचे करार करतं. मार्च २०२३ मध्ये स्पॉटिफाय आणि झी म्युझिक यांचा नवा करार जमला नाही, आणि या कंपनीची अनेक लोकप्रिय गाणी स्पॉटिफायवरून उतरली. पुढे ती परत आली. पण मधल्या काळात पैसे भरणाऱ्यांनाही ती तिथे ऐकता आली नाहीत. ज्यांच्या घरी त्याच गाण्यांची सीडी किंवा एमपीथ्री होती, त्यांना काहीच फरक पडला नाही.

‘बाय’चं बटण दाबलं म्हणजे मालकी मिळते का?

दरवेळी नाही. अमेरिकेतल्या कॅलिफोर्निया राज्यात १ जानेवारी २०२५ पासून यासाठी कायदाच लागू झाला. ग्राहकाला फक्त परवाना मिळणार असेल, तर ते स्पष्ट सांगितल्याशिवाय डिजिटल वस्तू ‘विकत घ्या’ म्हणून विकता येत नाही. जी फाइल कायमची उतरवून घेऊन इंटरनेटशिवाय वापरता येते, तिला यातून सूट आहे. खरेदी करताना हाच फरक पाहायचा असतो.

हिशेब काय सांगतो?

समजा, महिन्याला १०० रुपये भरले. दहा वर्षांत १२,००० रुपये होतात आणि पैसे थांबवले की हाती काही उरत नाही. दुसरीकडे, ३२० केबीपीएस दर्जाचं पाच मिनिटांचं एमपीथ्री गाणं साधारण १२ एमबीचं असतं. म्हणजे ६४ जीबीच्या पेनड्राइव्हमध्ये पाच हजारांच्या आसपास गाणी मावतात.

पण रोज नवं काही ऐकणाऱ्याला प्रत्येक गाणं विकत घेणं परवडणार नाही. त्याच्यासाठी स्ट्रीमिंगच स्वस्त. शिवाय संग्रह सांभाळायची जबाबदारी आपल्यावर येते. हार्ड डिस्क बिघडते, सीडीवर चरे पडतात, कॅसेटला बुरशी लागते. त्यामुळे एकच प्रत असणं म्हणजे धोका. किमान दोन प्रती हव्यात, आणि त्यातली एक दुसऱ्या ठिकाणी.

मग करायचं काय?

दोन्ही ठेवता येतं. नवं शोधायला स्ट्रीमिंग, आणि जी गाणी आयुष्यभर हवी आहेत, ती विकत घेऊन स्वतःजवळ.

सगळ्यात आधी मात्र घरातल्या जुन्या कॅसेट बाहेर काढायला हव्यात. सिनेमाचं गाणं आज ना उद्या कुठल्यातरी ॲपवर मिळेल. गावातल्या भजनी मंडळाचं रेकॉर्डिंग, छोट्या स्थानिक कंपनीने काढलेली भारुडं, घरच्या कार्यक्रमात आजीने गायलेल्या ओव्या मिळतीलच असं नाही. कॅसेट प्लेअरच्या हेडफोनच्या जागी केबल लावून ती कॉम्प्युटरच्या लाइन-इनला जोडायची आणि ‘ऑडॅसिटी’ या मोफत सॉफ्टवेअरमध्ये आवाज रेकॉर्ड करायचा. ६० मिनिटांच्या कॅसेटला ६० मिनिटंच लागतात. बुरशी दिसत असेल तर कॅसेट वाजवण्याआधी जाणकाराला दाखवावी.

आजीच्या ओव्यांची दुसरी प्रत कुठल्याच कंपनीकडे नसते. ती टेप घरातच खराब झाली, तर तो आवाज कायमचा जातो.