दोन याद्या

७ मे २०२५ ची सकाळ. आठच वाजले होते, पण ऊन चटके द्यायला लागलं होतं. नागपूरच्या सिव्हिल लाइन्समधल्या एका टपरीवर तर्री-पोह्यांची प्लेट एका हातात आणि मोबाइल दुसऱ्या हातात धरून एक जण यादी वाचून दाखवत होता. देशातल्या २४४ नागरी संरक्षण जिल्ह्यांत त्या दिवशी भोंगे वाजणार होते, युद्धकाळातल्या बचावाची तालीम होणार होती. महाराष्ट्रातली सोळा ठिकाणं त्यात होती. मुंबई, उरण, तारापूर सगळ्यात वरच्या गटात. पाठोपाठ ठाणे, पुणे, नाशिक, मनमाड, सिन्नर. शेवटच्या गटात भुसावळ आणि थेट सिंधुदुर्गसुद्धा. यादी संपली तसा पलीकडून प्रश्न आला, "काऊन बे, आपलं नाव नाही का?"

नव्हतं. त्यातली गंमत अशी की आणीबाणीत माणसं कशी वाचवायची, हे सगळ्या देशाला शिकवणारी संस्था याच सिव्हिल लाइन्समध्ये आहे. १९५७ साली केंद्र सरकारने नागपुरात सेंट्रल इमर्जन्सी रिलीफ ट्रेनिंग इन्स्टिट्यूट सुरू केली. तेव्हा डोळ्यांसमोर पूर, भूकंप, दुष्काळ होते. १९६२ मध्ये चीनने हल्ला केला आणि रोख बदलला. शत्रूचं विमान शहरावर आलं तर काय, हा अभ्यासाचा विषय झाला. १९६८ मध्ये नागरी संरक्षण कायदा आला आणि संस्थेला राष्ट्रीय नागरी संरक्षण महाविद्यालय हे नाव मिळालं. राष्ट्रीय अग्निशमन सेवा महाविद्यालयही १९५७ मध्येच रामपूरहून नागपुरात आलं होतं. २०१८ मध्ये नागरी संरक्षण महाविद्यालय राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाच्या, म्हणजे एनडीआरएफच्या, अकादमीत विलीन झालं. थोडक्यात, देशभर तालीम झाली आणि तालीम मास्तरांचं गाव तेवढं सुटलं.

शिवाय त्या दिवशी तालमीआधीच पडदा वर गेला होता. २२ एप्रिलला पहलगामच्या बैसरन कुरणात अतिरेक्यांनी २६ जणांना मारलं, त्यात महाराष्ट्राचे सहा जण होते. ७ मेच्या पहाटे एकनंतर भारताने पाकिस्तान आणि पाकव्याप्त काश्मीरमधल्या नऊ ठिकाणांवर हल्ले केले. भोंग्यांची यादी टपरीवर वाचली जात होती, तेव्हा ऑपरेशन सिंदूरचा पहिला अंक होऊन गेला होता.

बचाव कुठवर पुरतो?

नागरी संरक्षणाचं सगळं शास्त्र एका गृहीतकावर उभं आहे: ज्या वस्तीवर घाला पडला तिच्या भोवतालची वस्ती शाबूत असते. तिथून बंब येतात, रुग्णवाहिका येतात, रक्त येतं. वर्ध्याजवळच्या पुलगावला ३१ मे २०१६ रोजी केंद्रीय दारूगोळा भांडारात आग लागली. विझवायला गेलेल्यांपैकीच कित्येक जण तिथे दगावले, तरी वाचलेल्यांना नेण्यासाठी सावंगी-सेवाग्रामची इस्पितळं जागेवर होती.

अणुबॉम्ब नेमकं हे गृहीतकच उडवून लावतो. ६ ऑगस्ट १९४५ रोजी हिरोशिमावर पडलेल्या बॉम्बची ताकद सुमारे १५ किलोटन होती, म्हणजे पंधरा हजार टन टीएनटीएवढी. आजच्या मोजमापात तो लहानच. त्या वर्षाअखेरपर्यंत सुमारे एक लाख चाळीस हजार माणसं मेली. शहरातले नव्वद टक्के डॉक्टर आणि परिचारिका मेले किंवा जखमी झाले. उपचार करणारा आणि घेणारा एकाच ढिगाऱ्याखाली.

म्हणून काहीच करायचं नाही, असं मात्र नाही. डोळे दिपवणारा प्रकाश आधी येतो, दणका काही सेकंदांनी. 'काय झालं' म्हणून खिडकीशी धावणाऱ्याच्या अंगावर काच येते. रशियात चेल्याबिन्स्कवर २०१३ मध्ये उल्का फुटली, तेव्हा शेकडो लोक असेच जखमी झाले. म्हणून प्रकाश दिसला की खाली पडायचं, खिडकीपासून लांब. स्फोटानंतर खाली बसणारी किरणोत्सारी धूळ सुरुवातीला सर्वांत घातक असते. वेळ सातपट झाला की तिचा जोर साधारण दहावा हिस्सा उरतो: पहिल्या तासाला जेवढा, त्याच्या दहावा हिस्सा सात तासांनी, शंभरावा हिस्सा दोन दिवसांनी, हजारावा सुमारे दोन आठवड्यांनी. पक्क्या इमारतीच्या मधल्या खोलीत किंवा तळघरात काढलेले पहिले दोन दिवस म्हणूनच लाखमोलाचे. आयोडीनची गोळी फक्त गळ्यातली थायरॉइड ग्रंथी वाचवते, तीही किरणोत्सारी आयोडीनपासून. ती काही रामबाण नव्हे. हे माहीत असेल तर शहराच्या कडेची माणसं वाचतील. मधल्यांसाठी कोणत्याही अभ्यासक्रमात धडा नाही.

शिडीच्या पायऱ्या

मग प्रश्न मागे सरकतो: तिथवर गोष्ट जाते कशी? अमेरिकी अभ्यासक हर्मन कान यांनी १९६५ मध्ये युद्ध चिघळण्याची एक शिडी मांडली. चव्वेचाळीस पायऱ्यांची. तळाशी तणाव, माथ्यावर सर्वनाश. शेवटच्या पायरीवर उडी मारून कुणी जात नाही. प्रत्येक जण फक्त पुढची एक पायरी चढतो, समोरचा थांबेल या हिशोबाने.

आपल्या शेजारातली शिडी नजरेखाली घाला. १९९८ च्या मे महिन्यात भारताने पोखरणला आणि पाकिस्तानने चागईला चाचण्या केल्या. लोक म्हणाले, आता दोघांकडे बॉम्ब, आता युद्ध कसलं? वर्षाच्या आत कारगिल झालं. त्या युद्धात भारतीय हवाई दलाला नियंत्रण रेषा ओलांडू नका, असा सक्त हुकूम होता. २०१६ मध्ये सैनिक ती रेषा पायी ओलांडून गेले आणि परतले. २०१९ मध्ये विमानांनी बालाकोट गाठलं, पाकव्याप्त काश्मीरच्याही पलीकडे. २०२५ मध्ये पाकिस्तानी पंजाबातलं बहावलपूर आणि मुरीदके, आणि १० मेच्या पहाटे रावळपिंडीचा नूर खान हवाई तळ. पाकिस्तानी लष्कराचं मुख्यालय याच शहरात आहे आणि अण्वस्त्रांची देखभाल करणारी स्ट्रॅटेजिक प्लॅन्स डिव्हिजनही. पहिली पायरी दर वेळी आधीच्यापेक्षा वर पडते आहे. भारताचं म्हणणं, अणुबॉम्बच्या आडून दहशतवाद चालू देणार नाही. पंतप्रधानांनी १२ मेच्या भाषणात हेच सांगितलं. या म्हणण्यात तथ्य आहे. शिडीचा धोकाही त्यामुळे संपत नाही. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत.

दोघांचे नियमही एकमेकांत नीट बसत नाहीत. ४ जानेवारी २००३ रोजी भारताने जाहीर केलेलं धोरण सांगतं: अण्वस्त्र आधी वापरणार नाही, पण भारतावर किंवा भारतीय सैन्यावर कुठेही ते पडलं, तर प्रत्युत्तर प्रचंड आणि असह्य असेल. पाकिस्तानने असं वचन दिलेलं नाही. त्यांच्या अण्वस्त्र यंत्रणेचे प्रमुख खालिद किडवाई यांनी २००२ च्या सुमारास चार लक्ष्मणरेषा सांगितल्या होत्या: मोठा प्रदेश जाणं, सैन्याचा मोठा भाग नष्ट होणं, आर्थिक गळचेपी आणि देशात अस्थिरता माजवली जाणं. २०११ मध्ये पाकिस्तानने 'नस्र' या अवघ्या साठ किलोमीटर पल्ल्याच्या क्षेपणास्त्राची चाचणी केली. घुसलेल्या भारतीय रणगाड्यांवर छोटा अणुबॉम्ब टाकायचा, हा त्यामागचा विचार. आता ताळा करून पाहा. ते म्हणतात, छोटाच टाकू. आपण म्हणतो, छोट्यालाही उत्तर प्रचंड. दोघांनी शब्द पाळला तर मधे थांबायला पायरीच नाही. स्वीडनच्या सिप्री संस्थेच्या २०२५ च्या अंदाजानुसार भारताकडे सुमारे १८० आणि पाकिस्तानकडे सुमारे १७० अण्वस्त्रं आहेत.

तीस सेकंद

नूर खानच्या दिशेने येणाऱ्या भारताच्या ब्रह्मोस क्षेपणास्त्राबद्दल पाकिस्तानच्या पंतप्रधानांचे सल्लागार राणा सनाउल्ला जुलै २०२५ मध्ये एका मुलाखतीत बोलले. त्यात अणुबॉम्ब आहे की नाही, हे ठरवायला आमच्या लष्कराकडे तीस ते पंचेचाळीस सेकंद होते, असा त्यांचा दावा. या विधानात राजकारण असेल, अतिशयोक्ती असेल. पण हिशोब खोटा नाही. ब्रह्मोस ध्वनीच्या जवळजवळ तिप्पट वेगाने जातं आणि रडारवरच्या ठिपक्यावर पोटात काय आहे ते लिहिलेलं नसतं. १९८३ मध्ये सोव्हिएत अधिकारी स्तानिस्लाव्ह पेत्रोव्ह यांच्या पडद्यावर अमेरिकी क्षेपणास्त्रं येताना दिसली. त्यांनी थोडं थांबून 'ही यंत्राची चूक असावी' असं ठरवलं आणि ते बरोबर ठरलं. पेत्रोव्हना विचार करायला काही मिनिटं होती, कारण दोन महासत्तांमध्ये अर्ध्या पृथ्वीचं अंतर होतं. आपल्यामध्ये एक कुंपण आहे.

ब्रह्मोस एरोस्पेसचा एक प्रकल्प नागपुरातही आहे, त्यामुळे हे नाव इथे घरातलं. म्हणून ९ मार्च २०२२ ची गोष्ट इथे विसरली जाऊ नये. त्या संध्याकाळी भारताचं एक ब्रह्मोस चुकून सुटलं आणि पाकिस्तानात मियां चन्नूजवळ पडलं. त्यात स्फोटकं नव्हती, कुणी मेलं नाही. दोन दिवसांनी भारताने चूक मान्य केली, ऑगस्टमध्ये हवाई दलाचे तीन अधिकारी बडतर्फ झाले. तो दिवस शांततेचा होता, म्हणून निभावलं. तीच चूक १० मे २०२५ च्या पहाटे झाली असती तर ती चूक आहे, हे कुणी कुणाला पटवलं असतं?

आपण देशाच्या मधोमध आहोत, झिरो माइलचा दगड आपल्याकडे आहे, इतक्या आत कोण येतो, असं वाटणं स्वाभाविक. पण पाकिस्तानच्या शाहीन-३ चा पल्ला २,७५० किलोमीटर सांगितला जातो. शिवाय वायुसेनानगरला हवाई दलाच्या मेंटेनन्स कमांडचं मुख्यालय आहे, अंबाझरीला आयुध निर्माणी आहे. अणुयुद्धाची झळ लागायला बॉम्ब गावावर पडावा लागतो, असंही नाही. ऑक्टोबर २०१९ मध्ये 'सायन्स अॅडव्हान्सेस' या नियतकालिकात ब्रायन टून, अॅलन रोबॉक आणि सहकाऱ्यांनी भारत-पाकिस्तान अणुयुद्धाचं गणित मांडलं. कल्पित युद्धाचं साल त्यांनी घेतलं होतं २०२५! त्यांच्या हिशोबाने तत्काळ मृत्यू पाच ते साडेबारा कोटी. जळत्या शहरांची काजळी वातावरणात उंच जाऊन बसली की जगभरातला पाऊस पंधरा ते तीस टक्क्यांनी घटतो आणि घडी बसायला दहा वर्षांहून अधिक काळ लागतो. विदर्भात पाऊस पंधरा दिवस लांबला की दुबार पेरणीचं संकट येतं. इथला कापूस आणि सोयाबीन त्या आकाशावर उभे आहेत. त्या युद्धात हरायला कुणी शत्रू लागणार नाही.

जाळरेषा

मेळघाट-ताडोब्याकडची माणसं वणव्याशी कशी लढतात ते पाहिलंय? खरी लढाई उन्हाळ्याआधीच होते. फेब्रुवारीच्या सुमारास वन विभागाचे मजूर जंगलात पट्टे आखून त्यावरचं गवत आणि पाचोळा जाळून टाकतात. याला म्हणतात जाळरेषा. आग लागणं ती थांबवू शकत नाही. लागलेली आग पुढच्या टापूत जाऊ देत नाही, एवढंच तिचं काम. आणि वणवा पेटल्यावर जाळरेषा काढता येत नाही.

भारत आणि पाकिस्ताननेही शांततेच्या दिवसांत काही जाळरेषा काढून ठेवल्या आहेत. दोन्ही लष्करांच्या मोहीम महासंचालकांमधली थेट दूरध्वनी व्यवस्था १९७१ पासूनची. १० मे रोजी दुपारी ३ वाजून ३५ मिनिटांनी पाकिस्तानी महासंचालकांचा फोन आला आणि पाच वाजल्यापासून गोळीबार थांबवायचं ठरलं, असं परराष्ट्र सचिवांनी जाहीर केलं. २००५ च्या करारानुसार बॅलिस्टिक क्षेपणास्त्राची चाचणी करण्याआधी एकमेकांना कळवावं लागतं. मात्र ब्रह्मोससारखी क्रूझ क्षेपणास्त्रं या करारात येत नाहीत. तेवढ्या पट्ट्यात पाचोळा तसाच आहे. चीनच्या बाजूलाही अशी एक रेषा आहे. प्रत्यक्ष ताबारेषेपासून दोन किलोमीटरच्या आत बंदूक चालवायची नाही, असा करार १९९६ मध्ये झाला. १५ जून २०२० च्या रात्री गलवानमध्ये वीस भारतीय जवान धारातीर्थी पडले, पण गोळी सुटली नाही.

काही रेषांवर गवत वाढतं आहे. १९६० चा सिंधू पाणीवाटप करार तीन युद्धांतून तरला होता; २३ एप्रिल २०२५ रोजी भारताने तो स्थगित ठेवला. पाणी वळवणं हे युद्धाचं कृत्य मानू, असं पाकिस्तानने लगेच सांगितलं. किडवाईंच्या चार रेषांतली आर्थिक गळचेपीची रेषा इथे आठवावी. अतिरेक्यांना पोसणाऱ्याला किंमत मोजायला लावायचीच, तर कोणती रेषा मोडायची आणि कोणती राखायची, याचा हिशोब रागात होत नाही. त्यासाठी थंड डोक्याची माणसं लागतात.

टपरीवरच्या त्या यादीकडे परत येतो. आणखी एक यादी आहे, आणि नागपूरच्या माणसाने खरं तर तिची चौकशी करायला हवी. ३१ डिसेंबर १९८८ रोजी इस्लामाबादला राजीव गांधी आणि बेनझीर भुट्टो यांच्या भेटीत एक करार झाला: एकमेकांच्या अणुकेंद्रांवर हल्ला करायचा नाही. त्यासाठी दर १ जानेवारीला आपापल्या अणुकेंद्रांची यादी समोरच्याच्या हाती द्यायची. १९९२ पासून हे सुरू आहे. कारगिलनंतरच्या जानेवारीत यादी दिली गेली. २६/११ नंतरच्या जानेवारीत दिली गेली, पुलवामा-बालाकोटनंतरही दिली गेली. १ जानेवारी २०२५ ची देवाणघेवाण सलग चौतिसावी होती. एकमेकांना शिव्या घालणारे दोन देश वर्षातून एकदा आपली सर्वांत नाजूक ठिकाणं शत्रूला लिहून देतात, त्यावर दगड टाकू नकोस म्हणून.

दुसऱ्या दिवशी पेपरात आतल्या पानावर दोन इंच बातमी येते. ती कुणी पोहे खाता खाता मोठ्याने वाचून दाखवत नाही. भोंग्यांच्या यादीत नागपूरचं नाव पुढच्या वेळी यावं, आणि तालीमही नीट व्हावी. पण येत्या १ जानेवारीला मी पेपरात आधी ती दोन इंच बातमी शोधणार आहे. ती सापडली की दुसरा चहा सांगायला हरकत नाही.